गाणं पुरं झालं हे कुणी ठरवायचं?

ग्वाल्हेरात गाण्याच्या चोरीबद्दल बोलायला जावं, तर समोरचा माणूस हसतो आणि हद्दू-हस्सू खाँसाहेबांची गोष्ट काढतो. शहराच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत ती लहानपणीच कानावर पडते. शिंद्यांच्या दरबारी बडे मोहम्मद खाँ नावाचे गवई होते, ‘कव्वाल बच्चे’ म्हणवणाऱ्या गवयांच्या परंपरेतले. त्यांच्या तानेचा मोठा बोलबाला. पण ती विद्या ते कुणाच्या हाती लागू देत नसत, आणि नत्थन पीरबख्श या दुसऱ्या गवयांच्या नातवांच्या, म्हणजे हद्दू-हस्सूंच्या, तर मुळीच नाही, कारण दोन्ही घरांत जुनं वैर. तेव्हा म्हणे दरबारातूनच युक्ती निघाली. खाँसाहेब गायला बसले की हद्दू आणि हस्सू हे दोघे भाऊ पडद्याआड बसून ऐकायचे. पुढे एके दिवशी भर दरबारात दोघांनी त्यांचीच तान त्यांच्यापुढे अशी मांडली की मोहम्मद खाँ संतापून ग्वाल्हेर सोडून गेले. कुणी हे ऐकणं महिन्यांचं सांगतो, कुणी वर्षांचं. आपण मात्र ही गोष्ट अभिमानाने सांगतो, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी ठरवल्यापासून तर जरा जास्तच.

मग आजच्या एखाद्या पोराने रिलीज व्हायच्या आधीच गाणं मिळवून मित्रांना ऐकवलं, तर त्यालाच चोर का म्हणायचं? हा प्रश्न मला एका लग्नाच्या पंगतीत एका वकीलसाहेबांनी टाकला. पंगत उठेपर्यंत उत्तर पुरं झालं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

माझं म्हणणं असं आहे. गाणं वेळेआधी फुटतं तेव्हा सगळे जण पैशाचा हिशेब मांडतात, आणि तो हिशेब बहुतेक वेळा कच्चा निघतो. खरं नुकसान दुसरीकडे होतं. गाणं पुरं झालं की नाही, ते लोकांपुढे न्यायचं की नाही, न्यायचं तर कोणत्या रूपात, हे ठरवायचा ते करणाऱ्याचा हक्क जातो. पैसे उशिरा का होईना वसूल होऊ शकतात. हा हक्क मात्र एकदा गेला की कोणतंही कोर्ट तो परत आणून देऊ शकत नाही.

आधी गाणं फुटतं कसं ते पाहू, कारण त्याबद्दल गैरसमज फार. परदेशात कुठेतरी संगणकापुढे बसलेला कुणी महाभाग कुलपं फोडतो, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. तसेही असतात. पण या धंद्याच्या इतिहासातला बहुधा सर्वांत मोठा चोर कारखान्यातला साधा कामगार होता. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या किंग्ज माउंटन इथे सीडी छापण्याचा मोठा कारखाना होता, आधी पॉलिग्रामचा आणि मग युनिव्हर्सलचा. डेल ग्लोव्हर तिथे सीडीच्या पॅकिंगच्या बाजूला काम करायचा. दारावर पहारेकरी धातू ओळखणारी कांडी फिरवून झडती घ्यायचे. ग्लोव्हर आणि त्याच्या साथीदारांनी कमरेला भलंमोठं बक्कल असलेला पट्टा लावायला सुरुवात केली. कांडी वाजली तरी ती बक्कलामुळेच वाजली असं वाटायचं, आणि सीडी त्याच बक्कलामागे रबरी हातमोज्यात गुंडाळून ठेवलेली असायची. तिथून ती आरएनएस नावाच्या टोळीकडे आणि टोळीकडून जगभर. असे जवळपास दोन हजार अल्बम त्याने दुकानात पोचण्याआधीच बाहेर काढले. त्याला शिक्षा झाली तीन महिन्यांची.

ही हकीकत मला पुनःपुन्हा आठवते, कारण तिच्यात कुठेही तंत्रज्ञानाची कमाल नाही. कुंपणच शेत खात होतं. ज्या हातांतून माल जाणं भाग होतं त्यांतलाच एक हात होता तो, आणि त्या हाताला मिळणारा पगार नि तो जो माल हाताळत होता त्याची किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं.

आता कारखाने गेले, पण हात कमी झाले नाहीत. उलट वाढले. गाणं आज एका संगणकातून दुसऱ्यात जातं, संगीतकाराकडून अरेंजरकडे, तिथून गायकाकडे, मग मिक्सिंग, मास्टरिंग, व्हिडिओ कापणारा, नृत्य बसवणारा, कंपनीचा जाहिरात विभाग. प्रत्येक ठिकाणी एक सहायक, आणि प्रत्येक सहायकाच्या फोनमध्ये एक प्रत. एकाचा पासवर्ड गळाला की सगळं गेलं. २०१४ च्या डिसेंबरात मॅडोनाच्या नव्या अल्बमची कच्ची गाणी अशीच फुटली. इस्रायलमधल्या एका माणसाला पुढच्या वर्षी त्यासाठी १४ महिन्यांची कैद झाली. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या इप्सविचच्या एका तरुणाला १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्याकडे ८९ कलाकारांची १,२६३ अप्रकाशित गाणी सापडली होती, त्यात एड शीरनचीही, आणि ती तो क्रिप्टोच्या बदल्यात विकत होता.

विकत घेणारे कोण? चाहते. ही गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. एखाद्या गायकाचं न आलेलं गाणं कुणाच्या तरी ताब्यात आहे असं कळलं की त्याचे चाहते वर्गणी काढतात, रक्कम जमली की चोर फाईल सोडतो. गणपतीची वर्गणी निदान पावती फाडून घेतात. आणि आता तर यातही बनावट माल आला आहे. फ्रँक ओशन या गायकाची म्हणून २०२३ मध्ये जी गाणी हजारो डॉलरना विकली गेली ती यंत्राने बनवलेली होती. त्याने ती कधी गायलीच नव्हती. चोरीचा माल घेताना फसवणूक झाली तर तक्रार कुठे करणार!

परदेशाच्या गोष्टी बाजूला ठेवू. आमच्या ग्वाल्हेरच्या दौलतगंजातली सांगतो, तिच्यात पैसा अजिबात नाही, आणि म्हणूनच मला ती जास्त कामाची वाटते.

गल्लीतल्या एका मुलाने गच्चीवरच्या खोलीत छोटा स्टुडिओ केला आहे. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, खिडकीत थर्माकोल, रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद. तो दिवसा नोकरी करतो, रात्री चाली बांधतो. मंडळाच्या गणपतीसाठी एक नवं मराठी गाणं करायचं ठरलं. ढोलकी एकाने इंदूरहून वाजवून पाठवली, मिक्सिंग पुण्यातला मित्र करणार होता, कोरसला गल्लीतल्याच मुली. गीत लिहिणारे निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला, दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीशी सर अडले. त्यांना तिथे जो शब्द हवा होता तो मात्रेत बसेना, आणि जो बसत होता तो त्यांना पटेना. तोवर काम थांबू नये म्हणून गायकाने दुसऱ्या अंतऱ्यात सगळीकडे ‘ला ला रे’ भरून टाकलं. हे सगळीकडेच करतात, त्याला डमी म्हणतात. शब्द आले की पुन्हा गायचं.

कोरसमधल्या एका मुलीने आपला सूर लागलाय का ते ऐकायला फाईल मागितली. मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवली. तिने कौतुकाने आत्याला पाठवली, आत्याने मंडळाच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडव घालणाऱ्या पोरांच्या स्पीकरवर तेच गाणं वाजत होतं. सुरुवातीला ताल धरण्यासाठी लावलेली टिक-टिक तशीच होती, मधे कुणीतरी खाकरल्याचा आवाज होता, आणि एका जागी गायकाचं ‘परत घेऊ’ स्पष्ट ऐकू येत होतं. स्पीकरवर लावणाऱ्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, ‘अरे दादा, बस सुनने के लिए लगाया था.’ त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, ते मलाही माहीत आहे.

गणपती बसेपर्यंत गल्लीतल्या सगळ्या पोरांना गाणं पाठ झालं होतं, ‘ला ला रे’सकट. त्या ‘ला ला’वर लहान मुलांनी हातवारेही बसवले होते. मग सरांचा अंतरा आला. चांगला होता, सहज म्हणत नाही, खरंच चांगला होता. शेवटच्या ओळीतला तो अडलेला शब्द त्यांना अखेर सापडला होता. गाणं पुन्हा गाऊन, स्वच्छ करून मांडवात लावलं, तर पोरं ओरडली, ‘वो पुराना वाला लगाओ!’ पाच दिवस पुराना वालाच वाजला. भरीला भर म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तो कच्चा ट्रॅक आपल्या नावाने इंटरनेटवर चढवून ठेवला होता. मुलाने स्वतःचं पुरं गाणं टाकलं तेव्हा कॉपीराइटची हरकत त्याच्यावरच आली. पुढच्या वर्षासाठी लिहून द्याल का म्हणून सरांकडे गेलो, तर ते म्हणाले, ‘कशाला? तुमचं ला ला झकास चाललंय की.’

इथे कुणाचा रुपया बुडाला? कुणाचाच नाही. गाणं फुकटच वाटायचं होतं, आणि वाटणारेही आपलेच होते. तरीही एका माणसाचं काम त्याच्या देखत रद्द झालं, कारण लोकांच्या कानांनी अर्धं गाणं पुरं म्हणून स्वीकारलं. कान पहिल्या ऐकण्याला चिकटतो. संगीत करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर तो पहिलं ऐकणं इतकं जपतो.

पैशाच्या हिशेबाला मी कच्चा म्हणालो, त्याचं कारण देतो. रेडिओहेड या इंग्लिश बँडचा ‘किड ए’ हा अल्बम २००० मध्ये दुकानात येण्याआधीच नॅपस्टर या गाण्यांच्या फुकट देवाणघेवाणीच्या इंटरनेट सेवेवर सगळीकडे पसरला होता. कंपनीने डोक्याला हात लावायला हवा होता. प्रत्यक्षात तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आपल्याकडचं उदाहरण आणखी सोपं आहे. २०११ मध्ये ‘कोलावेरी डी’ची कच्ची आवृत्ती आधी फुटली, मग निर्मात्यांनी १६ नोव्हेंबरला ते अधिकृतपणे आणलं, आणि पुढे काय झालं ते माळव्यातल्या वरातींनाही ठाऊक आहे. गाणं फुटल्याने नेहमी विक्री बुडते असं म्हणणाऱ्याला ही दोन नावं पुरेशी आहेत. नेहमी फायदाच होतो, असं म्हणणाऱ्याला मात्र ती पुरेशी नाहीत. फुटूनही चाललेली गाणी आपल्याला आठवतात. फुटल्यामुळे जी पुढे आलीच नाहीत ती आठवणार कशी? इंग्लंडच्या चार्ली एक्ससीएक्स या गायिकेचा तिसरा अल्बम होऊ घातला होता, २०१७ च्या सुमारास त्याची गाणी चोरून बाहेर पडली आणि तिने तो प्रकल्पच सोडून दिला. ब्यॉर्क या आइसलंडच्या गायिकेचा २०१५ चा अल्बम मार्चमध्ये यायचा होता, जानेवारीत फुटला, तिला तो दोन महिने आधी आणावा लागला. या दोघींनी किती पैसे गमावले हे मला ठाऊक नाही आणि त्याची गरजही नाही. दोघींच्या कामाची वेळ दुसऱ्याने ठरवली, एवढं पुरे.

याच्या उलट वागणंही शक्य असतं. २०१९ मध्ये रेडिओहेडच्याच जुन्या सरावाच्या १८ तासांच्या ध्वनिमुद्रणांसाठी कुणीतरी दीड लाख डॉलरची खंडणी मागितली. त्यांनी खंडणी दिली नाही. सगळी मुद्रणं १८ पौंडांना १८ दिवस विक्रीला ठेवली आणि पैसे पर्यावरणाच्या चळवळीला दिले. बँडनेच सांगून टाकलं की हे फारसं ऐकण्याजोगं नाही. मला त्यांचं हे फार आवडलं. पण वीस वर्षांपूर्वीचा सराव खुला करणं आणि काल रात्री अर्धवट सोडलेलं गाणं खुलं करणं यांत फरक आहे, आणि पहिल्यासाठीसुद्धा जगभर नाव असावं लागतं. आमच्या गच्चीवरच्या मुलाला हा पर्याय कुठून असणार?

आता वकीलसाहेबांच्या हद्दू-हस्सूंकडे येतो. त्या गोष्टीतली पहिली बाब अशी की मोहम्मद खाँंचं गाणं पुरं झालेलं होतं. ते दरबारात गात होते. भावांनी ऐकलं ते कच्चं काम नव्हतं, तयार विद्या होती, फक्त शिकवायला नकार होता. दुसरी बाब, ऐकून झाल्यावर त्यांनी काय केलं? गळ्यावर चढवली. पडद्याआडून तान ऐकता येते, पण ती फॉरवर्ड करता येत नाही; ती दुसऱ्याला द्यायची तर आधी स्वतःच्या छातीतून काढावी लागते. हस्सू खाँंचा अंत एका अवघड तानेच्या ताणानेच झाला असंही इथे सांगतात. खरं असो वा नसो, ऐकलेल्याची किंमत ऐकणाऱ्याने मोजायची असते हे त्या गोष्टीला कळलेलं आहे. फाईल पुढे ढकलणाऱ्याने काय मोजलं? अंगठा हलवला.

मात्र वकीलसाहेबांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. गाणं लपवून ठेवणं हा काही सद्‌गुण नाही. उस्तादांनी चिजा, म्हणजे बंदिशी, दडवल्या, अंतरा मुद्दाम पुसट म्हटला, पोटच्या पोराला आणि जावयाला देऊन बाकीच्यांना तोंडी लावायला काहीतरी दिलं, अशा कहाण्यांनी आपलं संगीत भरलेलं आहे, आणि त्यात किती गेलं कोण जाणे. ग्वाल्हेरची थोरवी उलट दिशेची आहे. हस्सू खाँंनी वासुदेवबुवा जोशी या मराठी ब्राह्मणाला शिकवलं, वासुदेवबुवांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना, बाळकृष्णबुवांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली आणि त्यांच्या हाताखालून विष्णु दिगंबर पलुस्कर तयार झाले. संगीताचे अभ्यासक भातखंड्यांनी दारोदार फिरून चिजा जमवल्या, स्वरलिपीत छापल्या, आणि १९१८ मध्ये माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने इथे माधव संगीत विद्यालय उभं राहिलं. त्याच्या चार वर्षं आधी कृष्णराव पंडितांनी आपलं विद्यालय काढलं होतं. ज्या शहराने दारं उघडली त्या शहरात बसून मी कुलपांची वकिली करणार नाही.

पण भातखंड्यांनी काय छापलं? पिढ्यान् पिढ्या गाऊन घोटलेल्या चिजा. शिकणाऱ्यापासून तयार विद्या दडवणं हा एक प्रकार, आणि न झालेलं काम गर्दीपासून थोडे दिवस जपणं हा दुसरा. पहिल्याला विरोध करताना दुसऱ्यावर हात टाकायचं कारण नाही. उस्तादही रियाज दार लावूनच करायचे. ते दार कुणी तोडलं तर त्याला विद्येचा प्रसार म्हणणार का?

अवघड प्रकरण खाजगी मैफलींच्या टेपांचं आहे, आणि तिथे माझंही मन एका बाजूला पुरतं झुकत नाही. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, बडोदा या पट्ट्यात स्पूल आणि कॅसेटवर घरगुती मैफली टिपून ठेवणाऱ्या रसिकांची एक जातच होती. त्यांतले पुष्कळ जण गायकाला न विचारता टिपायचे. केसरबाई केरकरांसारख्या गायिकेला तर आपलं गाणं कुणी टिपलेलं खपत नसे, त्यांनी रेडिओलाही दूर ठेवलं. आज त्याच टेपा नसत्या तर कित्येक मोठ्या गवयांचं गाणं आपल्याला केवळ तीन मिनिटांच्या तबकडीवर उरलं असतं. हा फायदा मी स्वतः घेतला आहे आणि घेत राहीन. फरक इतकाच सांगतो की मैफलीत गवई समोर बसलेल्यांना आपलं गाणं देऊन चुकलेला असतो. परवानगीशिवाय टिपणं वाईटच, पण जे टिपलं ते त्याने स्वतः लोकांपुढे ठेवलेलं होतं. नुसता जुळवाजुळवीचा आवाज, मागे खोलीतलं बोलणं, फसलेली जागा, असलं काही जेव्हा आज हौसेने वाटलं जातं तेव्हा मला ते पटत नाही, गवई हयात नसला तरीही.

हयात नसण्यावरून आठवलं. पंजाबी गायक सिद्धू मूसेवालाची २९ मे २०२२ ला हत्या झाली, आणि त्याच्या घरच्यांना दुःखातच निर्मात्यांना विनवणी करावी लागली की त्याची जी पुरी-अपुरी गाणी तुमच्याकडे आहेत ती बाहेर काढू नका, आमच्याकडे सोपवा. त्याचे चाहते मनापासून रडत होते, यात शंका नाही. तरी घरच्यांना इशारा द्यावा लागला. प्रेम असलं की हक्क आपोआप मिळतो, ही चाहत्यांची समजूत इतकी घट्ट आहे.

मग करायचं काय? आधी काय करू नये ते सांगतो. २००० मध्ये मेटॅलिका या बँडचं एक न आलेलं गाणं फुटून रेडिओवर वाजू लागलं. बँडने नॅपस्टरवर दावा लावला, तो ठीकच होता. पण त्यांनी तीन लाखांहून जास्त वापरकर्त्यांच्या नावांची यादीही नेऊन दिली. ती आपल्याच श्रोत्यांची यादी होती. वर्षानुवर्षं लोक त्यांना त्यावरून टोमणे मारत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही तऱ्हा. ऐकणाऱ्या पोराच्या मागे पोलीस लावून गाणं फुटायचं थांबत नाही.

कायदा आपल्याकडे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. सिनेमाघरात चोरून चित्रण करणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात वेगळी तरतूदही झाली. अमेरिकेत तर २००५ पासून प्रदर्शनापूर्वीचं काम फोडणं हा स्वतंत्र गंभीर गुन्हा आहे. आपल्याकडेही तसं हवं अशी मागणी अधूनमधून होते. माझा विरोध नाही, पण भरवसाही नाही. ‘गेम चेंजर’ या तेलुगू चित्रपटाचं गाणं २०२३ मध्ये फुटलं तेव्हा निर्माते हैदराबादच्या सायबर पोलिसांकडे गेले. मोठ्या निर्मात्याला ते जमतं. दौलतगंजातल्या मुलाने ठाण्यावर जाऊन ‘माझा दुसरा अंतरा अपुरा असताना ग्रुपवर आला’ असं सांगितलं, तर हवालदार त्याला आधी पाणी देईल आणि मग घरी पाठवेल.

कंपन्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. गाणं ‘चुकून’ बाहेर आलं अशी आवई स्वतःच उठवून प्रसिद्धी मिळवायची आणि मग खरोखर फुटलं की चोरीविरुद्ध गळा काढायचा, हे दोन्ही कसं चालेल? शिवाय ज्या सहायकाच्या हातात सहा महिन्यांचं काम आहे त्याला मानधन वेळेवर नाही, श्रेयनामावलीत नाव नाही, आणि निष्ठा मात्र हवी. बक्कलवाल्या कामगाराला मी माफ करत नाही. पण त्याच्या कारखान्याने पहारेकऱ्यांवर जेवढं लक्ष दिलं तेवढं कामगारांवर दिलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हा प्रश्न मला पडतो.

छोट्या जागी उपाय छोटेच लागतील, आणि ते सगळे स्टुडिओच्या खोलीतच करता येतात. कच्ची फाईल मोकळी पाठवायची नाही; ऐकायचं असेल त्याने खोलीत येऊन ऐकावं, पंखा बंद असला तरी. लांबच्याला पाठवायचीच तर प्रत्येकाच्या प्रतीत वेगळ्या जागी खूण ठेवावी, म्हणजे फुटली तर कुणाकडून ते कळेल. मोठ्या कंपन्या वॉटरमार्क लावतात तेच हे. कोरसच्या मुलींपासून ढोलकीवाल्यापर्यंत प्रत्येकाशी एका पानाचा करार करावा, साध्या मराठीत किंवा हिंदीत, आणि त्यात त्यांचं नाव कुठे येणार, किती मिळणार हेही लिहावं, नुसत्या अटी नकोत. रिलीजच्या आधी गाणं स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवावं, म्हणजे उद्या हरकत आली तर कागद दाखवता येईल. मंडळांनी आपल्या ग्रुपवर एक नियम करावा की ज्याने गाणं केलं त्याने स्वतः टाकल्याशिवाय ते कुणी टाकायचं नाही. फोटोंच्या बाबतीत आपण हे हळूहळू शिकलोच आहोत.

आमच्या मंडळाने यंदा तसा नियम केला आहे. तो कितपत टिकतो ते पाहायचं, कारण आत्या अजून ग्रुपवर आहेत आणि त्यांना भाचीचं कौतुकही तेवढंच आहे. सरांना मात्र मी सांगितलंय की यंदा दोन्ही अंतरे हातात आल्याशिवाय मुलगा माइक उघडणार नाही. ते म्हणाले, ‘मग दिवाळीपर्यंत थांबायची तयारी ठेवा.’